यादीत नसलेला जामचा माणूस

नमस्कार. या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि बहुतेकांना मी कमेंटमधली खडूस बाई म्हणूनच माहीत असणार. कोणी लिहिलं की झोपेत छातीवर कोणीतरी बसलं, की खाली "स्लीप पॅरालिसिस, डॉक्टरांना दाखवा" असं लिहिणारी मीच. बंद खोलीत पावलं वाजली तर "उंदीर" आणि आरशात बाई दिसली तर "चष्म्याचा नंबर तपासा"... हेही माझंच. इथे मी वाचायला येते ते लोक छान लिहितात म्हणून. विश्वास वगैरे कधीच नव्हता. आता आहे का, ते शेवटपर्यंत वाचून तुम्हीच ठरवा, कारण मला ठरवता आलेलं नाही.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं लॅबची स्टोअरकीपर होते. किती बीकर आले, किती फुटले, कोणी फोडले, सगळं वहीत. घरीही तेच. फ्रिजच्या दारावर यादी, गॅसच्या वर यादी, प्रवासाला निघाले की बॅगेच्या झाकणाला आतून यादी. आमचे हे म्हणतात, "मी मेलो तं आधी यादी काढशीन, मंग रडशीन." मी नाही म्हणत नाही.

ही गोष्ट गेल्या मे महिन्यातली. त्यासाठी आधी माझ्या भाचीबद्दल सांगायला हवं.

मिनल माझ्या थोरल्या भावाची मुलगी, वय सत्तावीस. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – अशा माणसाच्या अंगात टिकणारं रक्त तयार होत नाही. साधारण तीन आठवड्यांनी ते बाहेरून द्यावं लागतं, जन्मभर. त्यात तिचा गट ओ निगेटिव्ह. आणि इतकी वर्षं इतक्या जणांचं रक्त घेतल्यामुळे तिच्या शरीरात अँटिबॉडी झाल्या आहेत, म्हणजे ओ निगेटिव्ह मिळालं तरी त्यातलं बरंचसं तिला जुळत नाही. ज्यांचं जुळतं अशी माणसं शोधून, जपून ठेवावी लागतात.

हे काम दादानं केलं. दादा एसटीत मेकॅनिक होता. मिनल आठ महिन्यांची असल्यापासून, दादा तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं जाईपर्यंत, तिची एकही तारीख चुकली नाही. रक्त देणाऱ्याला तो स्वतः स्कूटरवर आणायचा, रक्त देऊन होईपर्यंत बाजूला बसायचा, मग घरी नेऊन वहिनीच्या हातचं पोटभर जेवू घालायचा आणि परत दारापर्यंत सोडून द्यायचा. त्याच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे "काय खातो" असा एक रकाना होता. कोणाला वांगं चालत नाही, कोणाला भाकरच लागते. बावीस वर्षं स्टोअर सांभाळूनही मला हा रकाना सुचला नसता.

तो गेल्यावर वही माझ्याकडे आली. वहिनींनीच दिली. म्हणाल्या, "ताई, माह्याच्यानं हे होनार नाई. तुमचं कसं सगळं लिहून असते." मी ती वही कॉम्प्युटरवर चढवली, रंग दिले, गावांप्रमाणे लावली. अकरा नावं. मला फार समाधान वाटलं होतं, हे कबूल करते.

आता सिनेमा.

मिनल पुण्याला फिल्मचं शिकून आली आणि एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "आत्या, मी व्हँपायरचा पिक्चर करून राह्यली. तू मले पाह्यजे."

"मी? व्हँपायर म्हणून?"

"नाई. व्हँपायर मीच. मी तशीबी आहोच नं, फक्त दात नाईत. तू यादी कर. कोनत्या शॉटमध्ये कोनाच्या हातात काय होतं, केस कसे होते, पट्टी कोनत्या हाताले. याले कंटिन्युइटी म्हनतात. तुह्याएवढं बारीक कोनी लिहिनार नाई."

स्क्रिप्ट मी एका बैठकीत वाचली आणि नंतर बराच वेळ कणीक तशीच पडून राहिली. सिनेमाचं नाव "उन्हाआड". कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याचा एक चौकीदार आणि त्याची मुलगी. मुलीला ऊन सोसत नाही आणि तिला रक्त लागतं. बस, एवढंच. पण या सिनेमात कोणाच्या मानेला दात लागत नाहीत. बाप आधी स्वतःचा हात पुढे करतो. तो हात पुरेना झाला की गावात जातो आणि मागतो. चोरत नाही, फसवत नाही. एकेका दाराशी जाऊन, टोपी हातात घेऊन मागतो. काही लोक दगड मारतात, काहीजण शर्टाची बाही वर करतात. जे बाही वर करतात त्यांना तो चुलीपाशी बसवून भाकर खाऊ घालतो. मी भयपट फारसे पाहत नाही, पण भीती इतकी माणुसकीची करता येते हे मला ठाऊक नव्हतं. त्यात दादाचं नाव कुठेच नव्हतं. गरजही नव्हती.

शूटिंग सिंदीला ठरलं. सिंदी रेल्वे, वर्ध्याहून नागपूरच्या लाइनवर. तिथल्या एका जिनिंगचा सीझन संपला होता आणि मालकानं शेड वापरायला दिली. चौदा जणांची टीम, त्यात पगारी फक्त दोघं. मे महिनाच का, तर मिनलला खरं ऊन हवं होतं – आपल्याकडचं, डोळे उघडू न देणारं. बापानं मुलीला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून अंगणापलीकडे न्यायचं, ते पावलं पोळताना दिसलं पाहिजे, असा तिचा हट्ट. आणि रात्रीचे सीन आम्ही दिवसाच करायचो. शेडच्या खिडक्यांना काळ्या ताडपत्र्या, एका दिव्यावर निळा कागद. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत सिनेमातली रात्र.

गावातले लोक बघायला यायचे. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मला विचारलं, "कोनचा पिच्चर हाय बाई?"

"व्हँपायरचा."

"म्हंजे भूत काय?"

"भूत नाही. रक्त पितं."

"मंग डास म्हना नं," ते म्हणाले आणि सावलीला जाऊन बसले. पुढचे सगळे दिवस टीममध्ये मिनलचं नाव डास होतं.

बापाचं काम करत होते ठोंबरे काका. वर्ध्याचेच, बँकेतून रिटायर, हौशी नाटकांत उभी हयात घालवलेली. दादाशी त्यांची कधी ओळख नव्हती, मिनलला ते या सिनेमासाठीच पहिल्यांदा भेटले. याची मी नंतर तीन वेळा खात्री करून घेतली.

आता माझी चूक. ती मी जशीच्या तशी लिहिते.

सगळं एकाच फाइलमध्ये असावं असा माझा आग्रह असतो. शूटिंगच्या वेळापत्रकातच मी मिनलची रक्ताची तारीखही एका ओळीत टाकली होती. वरच्या ओळीत "जेवण १४", खालच्या ओळीत "जनरेटरचं डिझेल", मध्ये "मिनल – रक्त". मागच्या वेळी तुटवडा असल्यानं तिला दोनऐवजी एकच पिशवी मिळाली होती, म्हणून पुढची तारीख लवकरची, पंधरा दिवसांची होती. तेवढ्यात जिनिंगच्या मालकाचा फोन आला की थोडा कापूस शिल्लक आहे, अकरा दिवस थांबा. मी फाइल उघडली, सगळ्या ओळी निवडल्या आणि अकरा दिवस पुढे सरकवल्या.

सगळ्या ओळी. जेवण, जनरेटर... आणि मधली.

दादाच्या वहीत ती तारीख स्वतंत्र पानावर असायची. मी ती डिझेलच्या शेजारी बसवली होती, म्हणून ती डिझेलसोबत पुढे गेली. मिनलनं विचारलं नाही, कारण आत्याच्या फाइलमध्ये आहे म्हणजे आहे. वहिनींनी विचारलं नाही, त्याच कारणानं. ती दमत होती, पण त्या उन्हात सगळेच दमत होते. आणि ती फिकी दिसत होती – तर तिचं कामच फिकट दिसण्याचं होतं. रोज सकाळी अर्धा तास बसून आम्ही तिला फिकट करत होतो.

शूटिंगचा पाचवा दिवस. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. सीन असा, की मुलगी भुकेनं तळमळते आहे आणि बाप तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणतो, "पोरी, मी हाव तोवर तुले उपाशी झोपू देनार नाई." एवढंच वाक्य. तीन टेक झाले, मिनलला पटले नाहीत. ठोंबरे काका फार "नाटकी" करत होते. मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला एका खोक्यावर, मांडीवर पॅड, हातात पेन. दिव्याच्या झोतात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते.

चौथा टेक. मिनल मांडीवर, कॅमेरा सुरू. काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. मग मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही. माझ्याकडे. आणि पत्ता सांगावा तसं, अगदी साध्या आवाजात बोलले:

"तारीख निघून गेली. अकरा दिवस पुढं सरकली. साळूच्या डोळ्यात पाह्य. जामले जाय. हिंगणघाट रोडनं, ट्रकच्या सीटा शिवनारा, हिरवी ताडपत्री. दुसरं कोनी भेटनार नाई."

माझी सवय अशी की आधी लिहायचं, मग विचार करायचा. मी शब्दन् शब्द लिहून काढलं. शेवटी लिहिलं, "टेक ४ – खराब. काका भलतंच बोलले, कॅमेऱ्याबाहेर पाहिलं." ते पान आजही माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे, नेहमीसारखं, कुठे थरथरलेलं नाही.

मिनलनं कट म्हटलं. मग माझ्या पॅडमध्ये डोकावली. "आत्या, चौथा खराब काऊन लिहिला? तोच तं सगळ्यात चांगला झाला."

मला राग आला होता. "साळू" हे नाव फक्त दादा वापरायचा. शाळेत जायच्या आधीपर्यंत तिला असं म्हणायचा, नंतर तिनंच बंद करायला लावलं. मी सरळ ठोंबरे काकांना बाजूला घेतलं.

"काका, साळू हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन साळू?"

"आता टेकमध्ये तुम्ही काय बोललात?"

"जे लिहून आहे तेच बोललो बाई. उपाशी झोपू देनार नाई." ते खरोखर गोंधळले होते. "काऊन, कमी पडलं काय?"

कॅमेऱ्यावर असलेल्या रोशननं टेक लावून दाखवला. स्क्रीनवर काका मिनलकडे पाहत होते. मान एकदाही वळली नाही. वाक्य स्क्रिप्टमधलं, आणि खरंच फार सुंदर म्हटलेलं. आवाज वेगळा रेकॉर्ड होतो, तोही ऐकला. तेच.

"आत्याले ऊन लागलं," रोशन म्हणाला. "कांदा ठेवा बे खिशात त्यांच्या."

सगळे हसले. मीही हसले असते. पण पानावर "अकरा दिवस" लिहिलेलं होतं आणि अकरा हा आकडा मला कुठे तरी टोचत होता. मी फोनवर फाइल उघडली. जुनी आणि नवी शेजारी लावली. आणि मला ती मधली ओळ दिसली.

मिनल पाणी पीत होती. मी तिच्याजवळ गेले, ओल्या रुमालानं तिच्या गालावरचा मेकअप पुसला. खालून तोच रंग निघाला. मग दादा करायचा तसं अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आतला भाग लाल असतो, तुम्हाला माहीत आहे. तिथे पांढरं होतं.

"काय झालं?" ती म्हणाली.

"चल. बॅग घे."

"आत्या, दोन सीन बाकी आहेत..."

"मिनल, माझ्याकडून चूक झाली आहे. चल."

असं वाक्य तिनं माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, म्हणून निमूट गाडीत बसली.

दीड वाजता वर्ध्याच्या हॉस्पिटलमध्ये हिमोग्लोबिन आलं पाच पॉइंट आठ. तिचे डॉक्टर तिला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "इतकं खाली? या पोरीची तारीख कधी चुकत नव्हती." हृदयावर ताण दिसतो आहे, आज उद्यात रक्त गेलंच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. रक्तपेढीत ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. दोन्ही तपासल्या, दोन्ही जुळल्या नाहीत. नागपूरला चार ठिकाणी फोन झाले. मे महिन्यात सगळीकडे तुटवडाच असतो, आणि तिला जुळणारं तर आधीच दुर्मीळ.

मी माझी यादी काढली. अकरा नावं. तिघांनी गेल्या तीन महिन्यांत दिलं होतं, त्यांना चालत नाही. एक काश्मीरला सहलीला. एकाला कावीळ. दोघं लग्नात, त्यातला एक थेट सुरतला. एकजण वयाची मर्यादा ओलांडून गेले होते, तरी बिचारे म्हणाले, "वय कमी सांगतो, येऊ काय?" एकाचा फोन बंद. एक ताई गरोदर. आणि शेवटचा, सेलूचा मुलगा, धावत आला, पण त्याचंच हिमोग्लोबिन कमी भरलं. तो कॉरिडॉरमध्ये डोकं धरून बसला आणि मलाच त्याची समजूत काढावी लागली.

तीन वाजले. वहिनी आल्या होत्या. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त विचारलं, "ताई, वहीत आनखी कोनी नाई?"

"नाही."

"हे म्हनत, वहीत नाई तो एक हाय. शेवटचा. मी विचारलं, कोन? तं सांगे नाई. म्हने, वचन हाय."

माझ्या पर्समध्ये ते पान घडी करून ठेवलेलं होतं. मी ते वहिनींना दाखवलं नाही. लाज वाटली. वर्ध्याहून टॅक्सी केली आणि नागपूर हायवेवरच्या जाम गावाला निघाले. वाटेत स्वतःला बजावत होते की मी वेड्यासारखं वागते आहे, पण दुसरा पर्याय यादीत नाही, म्हणून हा. असा विचार केला की जरा बरं वाटायचं.

जामला चौक ओलांडून हिंगणघाट रोडला लागलो. ढाबा, टायरवाला, ग्रीसवाला, रसवंती. आणि मग एक हिरवी ताडपत्री. खाली शिलाई मशीन, बाजूला रेग्झिनचे गुंडाळे, एका ट्रकची उपसलेली सीट. मशीनवर पन्नाशीच्या आसपासचा, बारीक अंगाचा माणूस.

मी काय म्हणावं हे ठरवलंच नव्हतं. तोंडातून निघालं, "साळूसाठी आले."

त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. "भाऊ नाई आले?"

"भाऊ तीन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांची बहीण."

रस्त्यावरून दोन कंटेनर गेले. मग उठून त्यानं मला स्टूल दिलं. "म्हनून इतके वर्स आले नाई. मले वाटे, पोरगी बरी झाली."

त्यानंच मग सांगितलं. दादाची आणि त्याची ओळख एका बंद पडलेल्या बसच्या निमित्तानं झाली. त्याचं रक्त मिनलला जुळलं होतं आणि त्यानं दोनदा दिलं होतं, मिनल शाळेत असताना. पण त्याचं पहिलं मूल लहानपणीच गेलं होतं. कोणीतरी त्याच्या बायकोच्या मनात भरवलं की बापाचं रक्त बाहेर गेलं म्हणून असं झालं. मग दुसरा मुलगा झाला तेव्हा तिनं मुलाच्या डोक्यावर याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की पुन्हा देणार नाही. दुसऱ्यांदा दिलं ते या शपथेनंतर.

"तरीही दिलंत?"

"भाऊ इथंच बसले होते, असे. म्हने, तुह्या पोराची शपथ आहे, मी तुले मोडाले लावनार नाई. मी फक्त बसतो. आन् बसले. अर्धा दिवस बसले, एका शब्दानं मांगतलं नाई." त्यानं नाकाचा शेंडा खाजवला. "मीच मंग उठलो. काय करता. एक अट घातली, माह्यं नाव कुठंच लिहाचं नाई. घरी कळलं तं ती मरून जाईन. भाऊ म्हने, नाई लिहत. आखरीले कोनीच नाई भेटलं तवाच येईन."

"आता मुलगा?"

"ट्रक चालोते. चेन्नईले गेला हाय." तो हातातली कात्री उघडत-मिटत राहिला. मला कळत होतं की माझी मिनल आणि त्याचा चेन्नईच्या रस्त्यावरचा मुलगा, असं दोघांचं वजन तो करतो आहे. मी काही बोलले नाही. दादा बोलला नव्हता, तर मी कोण.

शेवटी त्यानं हातातली कात्री खणात ठेवली आणि खुंटीवरचा शर्ट घातला. "चाला. संध्याकाळपावतर येतो म्हनून शेजाऱ्याले सांगतो."

निघताना मी सहज विचारलं, खरं तर बोलायचं म्हणून. "ही ताडपत्री जुनीच आहे का?"

"नाई बा. मांगच्या दिवाळीत घेतली. पह्यले मी तिकडं होतो, चंद्रपूर रोडले. इकडं येऊन वर्सबी नाई झालं."

मी गाडीत पुढे बसले आणि पर्समधलं ते पान काढून जामपासून वर्ध्यापर्यंत पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानं मला कधीकाळी सांगितलं असेल आणि मी विसरले असेन, डोक्यात कुठेतरी राहिलं असेल, ही माझी पहिली शंका होती. आमच्या ह्यांचीही तीच. पण तसं असतं तर दादानं चंद्रपूर रोड सांगितला असता. हिरवी ताडपत्री तर दादा गेल्यानंतर जवळपास अडीच वर्षांनी घेतलेली आहे. मी त्या रस्त्यानं गेल्या पाच वर्षांत गेलेली नाही, हे मी डायरी काढून तपासलं आहे.

हॉस्पिटलमध्ये त्याचं रक्त जुळलं. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खोलीबाहेर गेले. रक्त देऊन झाल्यावर वहिनींनी घरून डबा आणला होता. तो जेवेपर्यंत त्या समोर बसून होत्या, वाढत होत्या. त्यानं भाकर मोडून खाल्ली आणि म्हणाला, "तीच चव." बाकी काही नाही. मी त्याला त्याच टॅक्सीनं जामला सोडून आले. त्याच्या मुलाची खुशाली मी आठ दिवस रोज फोन करून विचारत होते. मुलगा ठणठणीत चेन्नईहून परत आला. आठव्या दिवशी त्याचा बापच म्हणाला, "ताई, आता पुरे."

तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त मिनलला चढलं. ती खाटेवरून रोशनला फोनवर लाइट कसा ठेवायचा ते सांगत होती. चौथ्या दिवशी ती परत शेडमध्ये. या वेळी तिला खरोखर मेकअप करावा लागला, गाल लाल दिसत होते.

सिनेमा पूर्ण झाला. वर्ध्याला एका छोट्या हॉलमध्ये आम्ही तो दाखवला. सिंदीहून लोक ट्रॅक्टरनं आले. ज्या दारांवर बापाला दगड मारले जातात ते सीन पाहताना काही बायका पडद्याला शिव्या देत होत्या, आणि जेव्हा शेवटी एक म्हातारी न मागता बाही वर करते तेव्हा हॉलमध्ये कोणी हललंही नाही. मला सिनेमातलं कळत नाही. पण ज्या मुलीला शाळेत पोरं चिडवायची, तिनं त्याच चिडवण्यातून बापासाठी असं काही उभं करावं, याचा मला फार अभिमान वाटतो. मी हे दादाची बहीण म्हणून लिहिते आहे, समीक्षक म्हणून नाही. चौथा टेक तिनं ठेवला आहे. मी तो पाच वेळा पाहिला. काका मान वळवत नाहीत.

मिनलला मी ते पान दाखवलं. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "बाबा माह्या पिक्चरमध्ये येऊन डायलॉग बदलून गेले आन् मले सांगतलंबी नाई." मग हसायला लागली आणि नंतर हसली नाही.

खुलासा माझ्याकडे नाही. ऊन, थकवा, अपराधी मन – हे तिन्ही मी स्वतःच्या बाबतीत लावून पाहिले, जसे तुमच्या गोष्टींना लावत आले. त्यावरून मी असं का ऐकलं हे समजतं. मी जे ऐकलं ते खरं का निघालं, हे समजत नाही. ज्यांना सुचेल त्यांनी खाली लिहा. मी नेहमीसारखी टोमणे मारणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. त्या माणसाचा धंदा आणि ताडपत्रीचा रंग मी इथे बदलून लिहिला आहे. टेकमध्ये ऐकलं ते आणि मला सापडलं ते, दोन्ही सारखेच बदलले आहेत; खरे तपशीलही एकमेकांशी असेच जुळत होते. जामला जाऊन शोधू नका. त्याचं नाव माझ्या फाइलमध्ये नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

मिनलची तारीख आता पुन्हा स्वतंत्र पानावर आहे. आदल्या दिवशी सकाळी मी ती मोठ्यानं वाचते – मिनल, उद्या, दोन पिशव्या, अमुक देणार. आमचे हे पहिल्या वेळी म्हणाले, "मी इथंच आहो, ऐकू येते मले." मी म्हटलं, तुम्हाला नाही सांगत.